नावं न ठेवणारं दुकान

रामुलू गाजूल यांचं दुकान साखर पेठेत,
दीड शटर रुंद.
उरलेलं अर्धं सायकल पंक्चरवाल्याचं.
पुढं टॉवेलांची थप्पी, मागं दोन माग,
आणि आता वर, हवेत कुठंतरी,
मी बांधून दिलेलं दुसरं दुकान,
ज्याला कुलूप नाही, उदबत्ती नाही,
रात्री तीनलाही गिऱ्हाईक येतं.

पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं,
मामा, आलेलं माणूस परत आलं तर कळायला नको?
सोपं आहे. प्रत्येकाच्या पायाला बारीक सूत बांधायचं,
कांडी आपल्या हातात.
पुढं तो कुणाच्या ओट्यावर टेकला,
औषधाच्या दुकानात किती वेळ घुटमळला,
सगळं सूत सांगतं.
सगळेच बांधतात.

मामांनी तुटलेला धागा जिभेनं ओला केला,
गाठ मारली.
"सूत महाग झालंय पोरी.
माणसांच्या पायात कशाला घालूलालीस?"

त्याच दुपारी इंडीकडचा एकजण आला,
खांद्यावर वळकटी, विटलेली चादर,
तिच्यावरचे मोर उडून नुसत्या चोची उरलेल्या.
मामांनी चेहरा बघितलाच नाही.
काठ उलटून बघितला.
हिरव्याच्या शेजारी एक चुकलेला पिवळा,
त्यांच्या थोरल्या मागाची जुनी खोड.
"मळ्ळी वच्चारा?" म्हणाले. पुन्हा आलात?
त्याला तेलुगू येत नव्हतं. पण तो बसला.
चहा आला. नाव विचारलं नाही, गाव त्यानंच सांगितलं.
जुन्याचा भाव लागला, वीस रुपये कमी.

तो गेल्यावर म्हणाले,
"त्याला कुठं ओळखतो मी?
माझा धागा ओळखतो.
तो असतो त्याच्या घरी. आणायचा तर आणील,
नाही तर फाडून पोतेरं करील.
चादर त्याची."

रात्री विडी घरकुलात
आई सुपात पानं कातरत बसलेली,
मी माझी चार पानं खोडली.

आता येणाऱ्याच्याच खिशात
आम्ही एक पिवळा धागा सोडतो.
सगळ्यांना तोच पिवळा, तेवढाच लांब.
परत आलं कुणी, तर दारातच तो बोलतो.
महिना सरला की आपोआप विरतो.
ज्यानं खिसा झटकला तो नवा,
भले चौथ्यांदा येत असेल.
(त्याला वाईट वाटत असेल कदाचित.
त्याला मी काय सांगू?)
संध्याकाळी वहीत दोन आकडे:
जुने एकोणीस, नवे सहा.

आषाढात एकजण आला. कडक इस्त्रीचा शर्ट,
फोनवर एका बाईचा फोटो.
"ही तुमच्याकडं बघते का काही?
आमच्याच घरातली आहे. कंप्युटरात असेलच की."
मामांनी माझ्याकडं बघितलं.
मी वही फिरवून त्याच्यापुढं सरकवली.
एकोणीस. सहा.
"एवढंच?"
"आम्ही नावं ठेवत नाही," मामा म्हणाले,
"कुणाची. आणि कुणाला."
आणि माग सुरू केला,
म्हणजे पुढचं कुणालाच ऐकू येऊ नये.

तो गेल्यावर बराच वेळ
मला तो फोटो दिसत राहिला. कपाळावर टाक्यांची खूण होती.
ती येते का?
खरंच माहीत नाही.
माहीत असतं, तर माझा चेहरा
त्याच्यापुढं टिकला नसता.

रात्री तीनच्या सुमाराला कुणीतरी
लाल काठाचा टॉवेल बघतं. घेत नाही, जातं.
परवा तेच, किंवा दुसरंच कुणी.
धागा आलो म्हणत नाही, आले म्हणत नाही,
आपल्या भाषेत तेवढ्यानंही ओळख पटते.
तो एवढंच म्हणतो:
मळ्ळी.